नागास्त्र आणि नागपूर : दूर गेलेले युद्ध नेमके कोठे गेले?

हुडकेश्वर परिसरातील एका श्रद्धावंत कुटुंबाच्या नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्ही अलीकडेच गेलो होतो. प्रार्थना झाली, खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडून झाले, चहा आला आणि मग गृहस्थांनी मनातला विषय काढला. ते स्वतः आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. थोरली मुलगी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन वर्षभर घरी बसलेली होती. तिला आता संरक्षण साहित्य बनवणाऱ्या एका खासगी कारखान्यातून बोलावणे आले होते. काम ड्रोनमधील सर्किटांच्या तपासणीचे, पगार बरा आणि नेण्या-आणण्याला बस.

"फादर, मी जन्मभर दारूगोळ्यात काम केलं, तेव्हा कोणाला विचारलं नाही जी. पण ही विचारते, तर आता तुम्हीच सांगा," गृहस्थ म्हणाले. त्यांच्या पत्नींना एवढेच हवे होते की जागा सुरक्षित आहे की नाही ते आधी पाहावे. मुलगी मात्र वेगळेच बोलली. "फादर, बाबा जे बनवायचे ते एखादा जवान हातात धरून चालवायचा. हे तर कोणी हातात धरतच नाही. मग मारणारा कोण म्हणायचा? आणि त्यात मी किती?"

त्या संध्याकाळी आम्ही तिला काही सांगितले, ते पुढे येईलच. पण परत येताना रस्ताभर तो प्रश्न आमच्या मनात राहिला. हा प्रश्न केवळ एका घरचा नाही. नागपूर आणि भोवतालचा प्रदेश हा देशाच्या शस्त्रनिर्मितीचा मोठा आधार आहे. अंबाझरी, भंडारा आणि भद्रावती येथील आयुध निर्माण्या, पुलगावचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार, वायुसेनानगरातील हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय, कामठीचे गार्ड्‌स रेजिमेंटचे केंद्र आणि अलीकडच्या काळात वाढलेले खासगी स्फोटक कारखाने यांवर या भागातील हजारो घरांची चूल पेटते. त्यांत ख्रिस्ती घरेही आहेत. युद्धशास्त्र हा विषय आपल्याकडे सेनापतींचा आणि प्राध्यापकांचा मानला जातो. पण एखादी नवी युद्धकल्पना जगात रूढ झाली, की तिचे काम कोणाच्या तरी हातांना करावे लागते, आणि ते हात पुष्कळदा आपल्याच लोकांचे असतात. म्हणून या लेखात त्या कल्पनांची थोडी उलटतपासणी करावी, असे आम्ही ठरवले.

प्रथम वस्तू कोणती ते पाहू. जून २०२४ मध्ये भारतीय सैन्याला 'नागास्त्र-१' या अस्त्राची पहिली खेप मिळाली. सैन्याने ४८० नगांची मागणी नोंदवली होती आणि त्यांपैकी १२० या खेपेत होते. नागपूरच्या सोलार उद्योगसमूहातील इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज या कंपनीने ते बनवले. वृत्तपत्रे त्याला 'आत्मघाती ड्रोन' म्हणतात. शास्त्रीय अर्थाने हा घिरट्या घालणारा दारूगोळा होय. त्याचे वजन सुमारे ९ किलो, म्हणजे एक जवान ते पाठीवर वाहून नेऊ शकतो. त्यात १ किलो स्फोटक असते. ते अर्धा तास हवेत राहू शकते. माणसाच्या हाती नियंत्रण असताना त्याचा पल्ला १५ किलोमीटर, तर स्वयंचलित पद्धतीत ३० किलोमीटरपर्यंत जातो. मोटार विजेवर चालत असल्याने आवाज फारसा येत नाही. लक्ष्य सापडले नाही किंवा हुकूम मागे घेतला, तर ते परत बोलावून पॅराशूटच्या साह्याने उतरवता येते. या शेवटच्या गुणाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. तोफेतून सुटलेला गोळा परत बोलावता येत नाही.

त्या वेळी देशाचे लष्करप्रमुख जनरल मनोज पांडे होते, तेही नागपूरचेच. शहराला अभिमान वाटावा असाच तो क्षण होता, आणि वाटलाही. मात्र त्याच आठवड्यात आणखी दोन घटना घडल्या. १३ जून २०२४ रोजी नागपूरजवळच्या धामणा येथील एका स्फोटक कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक तरुण स्त्रिया होत्या. दुसऱ्याच दिवशी, १४ जूनला, इटलीत जी-७ राष्ट्रांच्या बैठकीत पोप फ्रान्सिस कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी बोलले. त्या बैठकीला संबोधित करणारे ते पहिलेच पोप. कोणत्याही यंत्राने माणसाचा जीव घेण्याचा निर्णय कधीही करू नये, असे त्यांनी राष्ट्रप्रमुखांसमोर स्पष्ट सांगितले. ही तीन वृत्ते आम्ही त्या वेळी वेगवेगळ्या पानांवर वाचली आणि वेगवेगळीच मानली. हुडकेश्वरच्या त्या मुलीने ती आमच्यासाठी एकत्र आणली.

युद्धविषयक नव्या कल्पनांचा इतिहास पाहिला, तर त्यात एक आश्वासन पुन्हा पुन्हा ऐकू येते: या नव्या पद्धतीने युद्ध लवकर संपेल आणि आपल्या माणसांचे रक्त कमी सांडेल. हे आश्वासन पूर्णपणे खोटे असते असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या रक्ताची बचत झाली असे वाटते, ते अनेकदा दुसरीकडे कोठे तरी सांडलेले असते. त्याची साक्ष नागपूरच्याच इतिहासात आहे.

मराठ्यांच्या युद्धपद्धतीला आपण गनिमी कावा म्हणतो. हलके घोडदळ, जड सामानाचा अभाव, शत्रूची रसद तोडणे, समोरासमोरची लढाई टाळणे आणि संकटकाळी किल्ल्यांचा आश्रय घेणे ही तिची अंगे. विसाव्या शतकात लिडेल हार्ट या इंग्रज लेखकाने अप्रत्यक्ष मार्गाची उपपत्ती मांडली. तिच्यातील बराच भाग आपल्याकडे सतराव्या शतकातच आचरणात होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दुर्ग आणि आरमार यांविषयी जो विचार आहे, त्याला युद्धशास्त्रच म्हटले पाहिजे. त्यात आरमारासाठी लाकूड घेताना रयतेची आंब्या-फणसाची झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, हेही आहे. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीला पाठवलेल्या पत्रातही हाच भाव आहे: सैन्याचा उपद्रव रयतेला होता कामा नये. युद्ध शत्रूशी करावयाचे, कुळवाड्याशी नव्हे, हा दंडक युरोपातील विद्यापीठे जो विचार लॅटिनमध्ये मांडीत होती त्याच्या फार जवळचा आहे.

पण हीच युद्धपद्धती दुसऱ्या टोकाकडून कशी दिसत होती? नागपूरचे पहिले रघुजी भोसले यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या. तीच चपळ घोडदळाची पद्धत, पण चिपळूणचा दंडक तेथे पोहोचला नव्हता. गावे जाळली गेली आणि शेतकरी परागंदा झाले. १७५१ च्या तहाने ओरिसा भोसल्यांकडे आला आणि बंगालकडून वर्षाला बारा लाखांची चौथाई ठरली. नागपूरच्या बखरीत हा पराक्रम आहे. बंगाली घरांत मात्र आजही लेकरांना झोपवताना गायच्या अंगाईत 'बर्गी' येतात, म्हणजे आपलेच बारगीर. आम्ही कोलकात्यात शिकत असलेल्या एका धर्मबंधूकडून हे प्रथम ऐकले तेव्हा काही वेळ गप्पच झालो. एखाद्या युद्धपद्धतीची परीक्षा केवळ ती वापरणाऱ्याच्या ग्रंथांवरून करू नये, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

पुढे मराठ्यांनी पद्धत बदलली. निजामाविरुद्ध १७६० मध्ये उदगीर येथे इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाने आणि तोफखान्याने मोठा विजय मिळवून दिला, आणि त्याच बळावर पुढल्या वर्षी पानिपतावर गोलाची लढाई करण्याचे ठरले. मल्हारराव होळकरांसारखे जुने सरदार गनिमी काव्याच्या बाजूचे होते. १४ जानेवारी १७६१ रोजी काय झाले ते महाराष्ट्रातील शाळकरी मुलेही जाणतात. नवी पद्धत चुकीची होती की अर्धवट स्वीकारली गेली, हा वाद अडीचशे वर्षे चालू आहे आणि पुढेही चालेल. आमच्या मते दोन्ही पद्धती एकाच छावणीत, एकाच दिवशी, एकमेकींवर विश्वास न ठेवता वावरत होत्या, हेच खरे दुखणे होते. तोफांच्या मागे पायदळाने घट्ट राहावयाचे आणि घोडदळाने संधी मिळताच पुढे सरावयाचे, या दोन्हींचा मेळ घालणारा समान शिस्तीचा अधिकारीवर्ग नव्हता.

महादजी शिंद्यांनी द बॉयनकडून जे कंपू उभारले, त्यांनी ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढली. 'कंपू' हा शब्द आज आपण टोळके या अर्थाने वापरतो, पण एके काळी तो हिंदुस्थानातील उत्तम पायदळाचे नाव होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंद्यांच्या सुमारे शंभर तोफांनी ऑर्थर वेलस्लीच्या फौजेची अशी गत केली, की त्याच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक लोक मृत वा जखमी झाले. तरीही लढाई त्याने जिंकली. नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड, आणि १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह होऊन नागपूरकरांनी कटक व वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गमावला.

मराठ्यांकडे शस्त्रे मागासलेली होती म्हणून ते हरले, अशी आमच्या शाळेच्या दिवसांतील समजूत होती. रॅन्डॉल्फ कूपर या अभ्यासकाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती खोडून काढली. तोफा तोडीच्या होत्या, शिपाई तोडीचे होते. फरक पैशाचा आणि अधिकाऱ्यांचा होता. युद्धाच्या तोंडावर इंग्रजांनी शिंद्यांच्या नोकरीतील गोऱ्या अधिकाऱ्यांना सोडून येण्यासाठी आमिष दाखवले आणि अनेक जण खरोखर निघून गेले. शस्त्र आपले, पण त्यामागचे डोके भाड्याचे. हा धडा आजही जुना झालेला नाही. सैन्यासाठी घ्यावयाच्या ४०० ड्रोनचे करार चिनी सुट्या भागांच्या कारणाने २०२५ मध्ये सरकारला रद्द करावे लागले. स्वदेशी निर्मितीचा आग्रह हा केवळ घोषणेचा विषय नाही, तर असईच्या मैदानावर त्याची किंमत आपण मोजलेली आहे. नागपुरातील मुला-मुलींना हे काम मिळावे, याला आमचा विरोध नसण्याचे हे एक कारण.

सीताबर्डीचा टेकडीकिल्ला आपण रोज रेल्वे स्थानकाकडे जाताना पाहतो. तेथे २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांच्या मोठ्या फौजेला इंग्रजांच्या चौदाशेच्या आसपास असलेल्या तुकडीकडून माघार घ्यावी लागली. आप्पासाहेबांच्या अरब सैनिकांनी लहान टेकडी काबीजही केली होती. पण दरबारातच लढावे की न लढावे याचा निश्चय नव्हता. लढाई फसल्यावर आपली फौज आपल्या हुकुमाविरुद्ध लढली, असे स्वतः आप्पासाहेबांनी रेसिडेंटला कळवले. ज्यांनी टेकडीवर प्राण दिले, त्यांच्या घरच्यांना ते ऐकून काय वाटले असेल?

विलक्षण योग असा की, नेमक्या त्याच वर्षांत प्रशियातील क्लाउझेविट्झ नावाचा सेनाधिकारी आपला युद्धविषयक ग्रंथ लिहीत होता. तो १८३१ मध्ये कॉलऱ्याने वारला आणि ग्रंथ त्याच्या पत्नीने, मारीने, १८३२ पासून प्रसिद्ध केला. आधुनिक युद्धशास्त्राचा पाया म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते. त्याचा मुख्य विचार साधा आहे. युद्ध हे राजनीतीचेच साधन आहे. हेतू स्पष्ट नसेल तर पराक्रम वाया जातो. आणि कागदावर सोपी दिसणारी प्रत्येक गोष्ट प्रत्यक्षात घर्षणामुळे अवघड होते: पाऊस पडतो, निरोप पोहोचत नाही, माणूस घाबरतो. सीताबर्डीची लढाई त्याला ठाऊक असती, तर त्याने ती उदाहरण म्हणून खात्रीने घेतली असती.

क्लाउझेविट्झच्या वाचकांनी मात्र त्याचा सावधपणा विसरून निर्णायक लढाईचीच कल्पना उचलली, आणि १९१४ मध्ये साऱ्या युरोपला युद्ध काही महिन्यांत संपेल असे वाटले. ते चार वर्षे चालले. त्या चिखलातून सुटका म्हणून इटालियन जनरल दुहे याने १९२१ मध्ये हवाई युद्धाचा सिद्धांत मांडला. शहरांवर बॉम्ब टाका, नागरिकांचे धैर्य खचेल, तेच आपल्या सरकारला तह करायला लावतील, आणि खंदकांतील कत्तलीपेक्षा हे अधिक दयाळूपणाचे ठरेल. 'दयाळूपणाचे' हा शब्द आमचा नाही, त्याच्या युक्तिवादाचा भाव तोच आहे. पुढे गेर्निका, लंडन, हॅम्बर्ग, ड्रेस्डेन, टोकियो झाली. धैर्य खचले नाही, माणसे मात्र जळाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये संपूर्ण शहरे वा विस्तीर्ण प्रदेश रहिवाशांसह नष्ट करणाऱ्या युद्धकृत्यांचा देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्धचा गुन्हा म्हणून निषेध केला, त्यामागे ही शहरे होती. अण्वस्त्रांच्या धाकाने शांतता राखण्याचा विचार हा दुहेच्याच कल्पनेचा शेवटचा टप्पा होय. त्यावर या स्थळी पूर्वी पुष्कळ लिहून झाले आहे.

ख्रिस्तसभेचा स्वतःचा इतिहासही येथे लपवू नये. शस्त्रांवर बंदी घालण्याचा पहिला मोठा प्रयत्न ११३९ सालच्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने केला आणि यांत्रिक धनुष्य निषिद्ध ठरवले. पण ख्रिस्ती लोकांविरुद्ध वापरण्यासच! राजांनी ते ख्रिस्ती लोकांविरुद्धही खुशाल वापरले. सेमिनरी हिल्सवर नीतिशास्त्राच्या तासाला आमच्या प्राध्यापकांनी हे सांगितले, तेव्हा वर्ग हसला होता. शेजारच्या वायुसेनानगरातून त्या वेळी एखादे हेलिकॉप्टर गेले असेल, तर आम्ही खिडकीतून पाहिलेही असेल, पण दोन्हींचा संबंध जोडण्याची बुद्धी तेव्हा नव्हती.

आता ड्रोनच्या युगाकडे वळू. २०२० च्या शरद ऋतूत नागोर्नो-काराबाखच्या युद्धात अझरबैजानने तुर्की ड्रोन आणि इस्रायली घिरटी अस्त्रे वापरून आर्मेनियन रणगाडे व तोफा ४४ दिवसांत निकामी केल्या. जगभरच्या सेनापतींनी या चित्रफिती अभ्यासल्या आणि लहान, स्वस्त, अचूक शस्त्राने युद्ध लवकर संपते, असा निष्कर्ष काढला. त्या युद्धाचा शेवट मात्र चित्रफितीत नव्हता. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथून एक लाखाहून अधिक आर्मेनियन ख्रिस्ती घरेदारे आणि मठ-मंदिरे मागे टाकून काही दिवसांत निघून गेले.

युक्रेनमध्ये तर निष्कर्षच उलटला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेले युद्ध ड्रोनमुळे लवकर संपले नाही, उलट जागच्या जागी रुतले. दोन्ही बाजूंचे डोळे सतत आकाशात असल्याने आघाडीच्या कित्येक किलोमीटर पट्ट्यात कोणालाही उघड्यावर हालचाल करता येत नाही. जखमीला उचलायला जाणारी गाडीही त्यातून सुटत नाही. १ जून २०२५ रोजी युक्रेनने मालमोटारींत लपवून नेलेले ११७ ड्रोन रशियात खोलवर असलेल्या विमानतळांवर सोडले. गनिमी काव्याचा असा वापर पाहून आमच्यातील मराठी माणूस क्षणभर सुखावला, हे कबूल करतो. पण खेरसन शहराचे वृत्त वाचल्यावर ते सुख टिकले नाही. तेथे रशियन ड्रोनचालक रस्त्याने चाललेल्या, सायकलवर बसलेल्या नागरिकांना पाठलाग करून मारतात, आणि हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०२५ मध्ये काढला. पूर्वी नागरिक मेले की 'दुरून दिसले नाही' अशी सबब असे. आता कॅमेऱ्यातून चेहरासुद्धा दिसतो.

आपल्या देशाचा अनुभव अधिक जवळचा आहे. पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी निरपराध पर्यटकांची हत्या झाली. त्यानंतर ७ मे रोजी सुरू झालेल्या 'ऑपरेशन सिंदूर'मध्ये भारताने अचूक शस्त्रे आणि घिरटी अस्त्रे वापरून दहशतवाद्यांच्या नऊ ठिकाणांवर प्रहार केले. लक्ष्ये मोजून निवडली होती आणि हा संयम नोंद घेण्याजोगा आहे. पण प्रत्युत्तर अचूक शस्त्राने आले नाही. ते जुन्या, आंधळ्या तोफगोळ्यांनी पूंछवर आले. तेथील कार्मेलाइट धर्मसंघाच्या ख्राईस्ट स्कूलच्या मागे पडलेल्या गोळ्याने त्या शाळेच्या दोन विद्यार्थ्यांचा बळी घेतला, आणि एका गोळ्याने धर्मभगिनींच्या मठाचेही नुकसान झाले. परराष्ट्र सचिवांनी ही गोष्ट स्वतः पत्रकार परिषदेत सांगितली. आपले शस्त्र अचूक असले म्हणून युद्ध अचूक होत नाही, कारण युद्धात दुसराही असतो आणि त्याच्या हाती काय आहे हे आपण ठरवीत नाही. 'मर्यादित युद्ध' हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाने एकदा पूंछच्या त्या शाळेत जाऊन यावे, असे आम्हांस वाटते.

दुसरी दिशा आपल्याच दाराशी येते. सैनिक जसजसा आघाडीपासून मागे सरकतो, तसतसा युद्धाचा भार कारखान्यावर येतो. युक्रेनने हे दाखवून दिले की असे युद्ध उत्पादनाच्या वेगावर चालते. अस्त्र एकदाच वापरता येते, म्हणून ते पुन्हा पुन्हा बनवावे लागते. नागपुरातही तेच दिसते. ३० मार्च २०२५ रोजी पंतप्रधानांनी येथे मानवरहित विमानांसाठी १,२५० मीटरच्या धावपट्टीचे उद्घाटन केले, आणि जूनमध्ये नागास्त्राच्या सुधारित आवृत्तीची १५८ कोटी रुपयांची मागणी आली.

आणि या भागातील मृत्यूंची नोंद पाहा. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या भांडाराला आग लागून दोन अधिकाऱ्यांसह किमान १६ जण गेले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी तेथेच जुना दारूगोळा निकामी करताना सहा जण गेले. त्यांत भंगार गोळा करण्यासाठी रोजंदारीवर आलेले गावकरी होते. १७ डिसेंबर २०२३, आगमनकाळाचा तिसरा रविवार, सकाळी बाजारगावच्या कारखान्यात नऊ कामगार गेले, त्यांपैकी सहा स्त्रिया. तेथे बनत होते ते खाणकामाचे स्फोटक होते, युद्धाचे नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण इमारती, कौशल्ये आणि हात त्याच प्रकारचे. जून २०२४ चे धामणा वर आलेच आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत आठ जण गेले.

सीमेवर वीरगती मिळालेल्या जवानाचा देह गावी येतो तेव्हा तिरंगा असतो, सलामी असते, मंत्री येतात, आणि ते योग्यच आहे. बाजारगावच्या त्या सहा स्त्रियांसाठी कारखान्याच्या फाटकाबाहेर नातेवाइकांचा आक्रोश होता आणि भरपाईची रक्कम होती. युद्धाच्या नव्या शास्त्रात त्यांचे नाव कोणत्या रकान्यात लिहायचे? त्या सैनिक नाहीत, म्हणून हुतात्मा नाहीत. शत्रूने मारले नाही, म्हणून युद्धबळी नाहीत. आम्हांला असे वाटते की ख्रिस्तसभेने 'न्याय्य युद्धा'च्या कसोट्या शिकवताना हाही प्रश्न विचारावा. संत ऑगस्टीन आणि संत थॉमस अक्विनास यांनी अधिकार कोणाचा, कारण कोणते आणि हेतू कोणता हे विचारले. पुढच्या धर्मशास्त्र्यांनी प्रमाण आणि भेद यांची भर घातली: इलाजापेक्षा अपाय मोठा नसावा आणि निरपराधास लक्ष्य करू नये. शस्त्र बनवताना मरणारी बाई या हिशेबात कोणीच धरली नव्हती, कारण तलवार घडवताना लोहार मरत नसे.

राहता राहिला तो यंत्राने निर्णय घेण्याचा प्रश्न. येथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ड्रोन आणि चालक यांना जोडणारा रेडिओचा दुवा शत्रू गोंधळ निर्माण करून तोडू शकतो. दुवा तुटला की अस्त्र आंधळे होते. त्यावर दोन उपाय निघाले. एक, रेडिओऐवजी किलोमीटरच्या किलोमीटर लांबीची बारीक काचतंतूची तार ड्रोनच्या मागे सोडायची. युक्रेनच्या शेतांवर आज अशा तारांची जाळी पसरलेली आहेत. दुसरा, शेवटच्या टप्प्यात लक्ष्य ओळखण्याचे काम यंत्रालाच द्यायचे. दुसरा उपाय कोणा दुष्ट माणसाच्या डोक्यातून आलेला नाही, तो दुवा तुटण्याच्या अडचणीतून आला. म्हणूनच तो अधिक धोक्याचा आहे, कारण 'यंत्राला मारण्याचा अधिकार द्यावा' असा ठराव कोणी करीत नाही आणि तरी एक एक पायरी चढत तो अधिकार दिला जातो. पोप लिओ चौदावे यांनी १ जानेवारी २०२६ च्या जागतिक शांतता दिनाच्या संदेशात नेमके यावरच बोट ठेवले आहे: जीवन-मरणाचे निर्णय यंत्रांवर सोपवून राजकीय आणि लष्करी नेते आपली जबाबदारी झटकू लागले आहेत.

हुडकेश्वरच्या त्या बैठकीत आम्ही मुलीला म्हणालो, की स्वसंरक्षणाचा राष्ट्राचा हक्क ख्रिस्तसभेला मान्य आहे, आणि त्यासाठी प्रामाणिकपणे केलेले काम पाप नाही. पण 'मी फक्त सर्किट तपासले' हे वाक्य तिने कधी वापरू नये. माणसाने हुकूम मागे घेतल्यावर अस्त्र परत येते ते एका सर्किटमुळेच. ते सर्किट ढिसाळपणे तपासले, तर परत बोलावण्याची सोय केवळ जाहिरातीत उरेल. उद्या तिच्यासमोर असे काही आले, की ज्यात माणसाचा हुकूमच लागणार नाही, तर तिने वरिष्ठांना विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर आमच्याकडे यावे. "तोवर ही नोकरी सोडता येण्यासारखी परिस्थिती आमच्या घरी असली पाहिजे ना फादर," ती म्हणाली. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

तिच्या वडिलांनी मात्र आपले शिकवणे सुरू केले. कारखान्यात पाय ठेवताच काय पाहायचे? इमारतींच्या मधले मातीचे बांध पुरेसे उंच आहेत का. आत जाण्यापूर्वी अंगातली स्थिर वीज जमिनीत जावी म्हणून हात लावायची तांब्याची पट्टी जागेवर आहे का, की नुसता खिळा उरला आहे. आणि दारावरची पाटी. आत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसे आणि किती किलो माल, ते तिच्यावर लिहिलेले असते. "माणसं मोजायची. पाटीवर चार लिहिलं असंल अन् आत चार असतील, तर पाचवी म्हणून तू जायचं नाही. सुपरवायझर ओरडला तरी बाहेर उभी राहायची," ते म्हणाले. मुलीने ते मोबाइलमध्ये टिपून घेतले. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तिला हजर व्हायचे होते; बस सकाळी सहाच्या आत हुडकेश्वर मार्गावर येते.